निळा हायड्रेंजिया इंदुरात दुसऱ्या वर्षी गुलाबी का होतो, आणि काय केलं तर निळा राहतो

तक्रार दरवर्षी एकाच चालीची असते. फेब्रुवारीत नर्सरीतून निळ्याशार गुच्छांचा हायड्रेंजिया आणला, महिनाभर गॅलरीची शोभा झाली. उन्हाळा कसाबसा निघाला, पावसाळ्यात रोपानं अंग धरलं आणि पुढच्या मार्चमध्ये फुलं आली ती चक्क गुलाबी. कुणीतरी तुरटी घालायला सांगितलं, म्हणून घातली. एखादा गुच्छ जांभळट झाला, बाकीचे होते तसेच. त्याच्या पुढच्या वर्षी तर तेवढाही फरक नाही. मग शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की नर्सरीवाल्यानं फसवलं.

नर्सरीवाल्यानं बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. रोप ज्या आम्लधर्मी मिश्रणात वाढवलं होतं, त्यात ॲल्युमिनियम मिसळलेलं होतं. ती शिदोरी पहिल्या बहराला पुरते. नंतर रोप तुमच्या घरच्या पाण्यावर जगायला लागतं आणि रंग ते पाणी ठरवतं. मी मुद्दाम पाणी म्हणतोय, माती नव्हे. माती बदलून, तुरटी घालून, गंधक टाकूनही ज्यांचा हायड्रेंजिया परत परत गुलाबी होतो, त्यांच्याकडे मी पहिली चौकशी करतो ती कुंडीला कुठलं पाणी देता याची. दहातल्या आठ घरी उत्तर येतं: बोरिंगचं.

रंग येतो कसा

ज्याला आपण फूल म्हणतो त्या गुच्छातल्या रंगीत "पाकळ्या" खरं म्हणजे निदलं असतात. खरं फूल मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढं. निळ्या आणि गुलाबी दोन्ही निदलांत रंगद्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन जातीचं अँथोसायनिन. त्याला ॲल्युमिनियम आणि निदलातली काही सहायक आम्लं येऊन चिकटली की निळा रंग तयार होतो. ॲल्युमिनियम मिळालं नाही की तेच द्रव्य गुलाबी दिसतं. पेशींच्या आतल्या रसाचा पीएचही (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) यात हातभार लावतो. जपानी संशोधकांनी मोजला तेव्हा निळ्या पेशींत तो ४.१ च्या आसपास आणि लाल पेशींत ३.३ च्या आसपास निघाला.

म्हणजे मुद्दा ॲल्युमिनियम मुळांपर्यंत पोचण्याचा आहे. मातीत ॲल्युमिनियम कुठेही मुबलक असतं, आपल्या काळ्या मातीतही. पण ते विरघळतं फक्त आम्ल मातीत. मातीचा पीएच ५.५ किंवा त्याखाली असेल तर मुळांना मिळतं, ६.५ च्या वर गेला की जवळजवळ बंद होतं. मधल्या पट्ट्यात जांभळे, मळकट, एकाच गुच्छात दोन छटा असे प्रकार दिसतात. शाळेतला लिटमस आम्लात लाल आणि अल्कलीत निळा व्हायचा. हायड्रेंजियाचा हिशेब बरोब्बर उलटा, त्यामुळे अर्धे लोक इथेच गोंधळून कुंडीत चुना टाकतात.

महाबळेश्वरला हाच हायड्रेंजिया कंपाउंडच्या कडेला कुणी न विचारता निळा फुलतो. गंमत म्हणजे महाबळेश्वरचा डोंगर आणि मालव्याचं पठार दोन्ही एकाच दख्खनच्या बसाल्टचे. फरक पावसाचा. तिथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यानं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून नेलं आणि मागे लोह-ॲल्युमिनियमचा आम्लधर्मी जांभा उरला. इंदूरला साधारण ९५० ते १,००० मिलिमीटर. एवढ्यानं चुनखडी वाहून जात नाही, काळ्या मातीत खड्यांच्या रूपानं बसून राहते. गव्हाला आणि सोयाबीनला ही माती उत्तम. निळ्या हायड्रेंजियाला नाही.

आधी रोप ओळखा

पांढरा हायड्रेंजिया काहीही केलं तरी निळा होणार नाही. त्याच्यात ते रंगद्रव्यच नसतं. शेंड्याला निमुळते, शंकूसारखे तुरे येणारी जात आणि ओकसारख्या कापलेल्या पानांची जातही मातीनं रंग बदलत नाही. मोठ्या, जाडसर, दातेरी कडांच्या पानांचा आणि गोल गुच्छांचा जो हायड्रेंजिया आपल्याकडे सर्रास मिळतो, तोच रंग बदलणारा. त्यातही काही वाण गडद लाल-गुलाबीकडे इतके झुकलेले असतात की फार फार तर जांभळे होतात. विकत घेताना निळा होता ना? मग परत होऊ शकतो. ती शंका तिथेच मिटते.

पाणी

पाण्याचा पीएच मोजून फारसं कळत नाही. कळीचा आकडा आहे अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट किती. तेच आम्ल खाऊन टाकतं. गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला, मातीच्या कुंडीच्या बाहेर जो पांढरा थर धरतो, तो याचाच पुरावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत पसंतीची धरली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालतं, या झाडाला नाही.

उदाहरणादाखल ३०० मिलिग्रॅम अल्कलिनिटीचं बोरिंगचं पाणी घेऊ. कुंडीला रोज एक लिटर दिलं तर तीन महिन्यांत २७ ग्रॅम चुनखडी मिसळल्यासारखं होतं. आता तुरटीचा हिशेब मांडा. पाच ग्रॅम तुरटीत जेवढा आम्लपणा आहे, तो असलं सव्वापाच लिटर पाणी पुसून टाकतं. म्हणजे रविवारी तुरटी दिली तर शुक्रवारपर्यंत तिचा आम्लपणा संपलेला असतो. महिन्यातून एकदा तुरटी घालणाऱ्याला रंग का मिळत नाही, ते एवढ्यावरून कळावं.

अल्कलिनिटी घरी मोजायची असेल तर मासे विकणाऱ्या ॲक्वेरियमच्या दुकानातून केएच (तिथे अल्कलिनिटीला हेच म्हणतात) मोजायची थेंबांची बाटली आणा. जितक्या थेंबांत पाण्याचा रंग बदलतो तितके अंश, आणि प्रत्येक अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. तीन अंशांच्या आत असेल तर निर्धास्त वापरा. दहाच्या वर असेल तर त्या पाण्यात निळ्याची आशा सोडा. घरी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा मीटर असेल तर तोही थोडा कामाचा: टीडीएस ४०-५० असेल तर अल्कलिनिटी जास्त असूच शकत नाही. उलट टीडीएस ६०० आला, तर त्यात बायकार्बोनेट किती आणि बाकीचे क्षार किती, हे मीटर सांगत नाही.

आता आपल्या घरात येणारी पाणी एकेक करून.

बोरिंग सगळ्यात वाईट, हे झालंच. नर्मदेचं पाणी, जे १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून शहरात आणलं जातं, ते बोरिंगपेक्षा पुष्कळ बरं, पण तेही क्षारधर्मीच. नुसत्या नर्मदेवर फूल स्वच्छ निळं होत नाही, तुरटीची जोड मात्र त्याच्यावर बऱ्यापैकी लागू पडते. अनेक सोसायट्यांत टाकीमध्ये दोन्ही पाणी एकत्र होतं, तेव्हा "आमच्याकडे नर्मदाच आहे" असं म्हणण्याआधी वॉचमनला विचारा.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायची आपल्याकडे सवय आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दोन-तीन दिवसांचं कूलरचं पाणी म्हणजे मूळ पाण्याच्या कितीतरी पट घट्ट. ते तुळशीलाही घालू नये, हायड्रेंजियाला तर अजिबात नाही. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी त्याच पंक्तीतलं. त्यानं फरशी पुसा.

आरओचं शुद्ध पाणी चांगलं, एका-दोन कुंड्यांना परवडतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्याहूनही चांगलं, कारण ते हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं, जवळजवळ क्षारमुक्त असतं. एकच अडचण: मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की एसी तासन्तास चालूनही बादली भरत नाही. जून-जुलैत दमट झालं की भरभरून मिळतं, आणि तेव्हा पाऊसच असतो.

सगळ्यांत चांगलं पावसाचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटरची एक सर आली की २०० लिटरचं पिंप भरतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत एका मोठ्या कुंडीला एवढं पाणी पुरतं, कारण थंडीत रोज पाणी लागत नाही. दोन गोष्टी सांभाळा. उन्हाळ्यात गच्ची थंड राहावी म्हणून चुना मारला असेल तर त्या गच्चीवरून आलेलं पहिलं पाणी घेऊ नका. पत्र्यावरून किंवा ताडपत्रीवरून घ्या. आणि पिंपावर बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर घरी फुलांआधी डेंग्यूचे डास येतील.

पावसाचं पाणी साठवायला जागा नसेल तर लिंबाचं सत्त्व (सायट्रिक ॲसिड) वापरणारे लोक आहेत. वर धरलेल्या ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याला दहा लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम सत्त्व घातलं की बहुतेक बायकार्बोनेट निघून जातं. आज पाणी सौम्य होतं, पण मातीतले जिवाणू सत्त्व खाऊन टाकतात आणि गेलेली अल्कलिनिटी बरीचशी परत येते. तुरटी विरघळवण्यापुरतं ठीक आहे, वर्षभराचा उपाय म्हणून मी सुचवणार नाही. बॅटरीचं ॲसिड वगैरे घरात आणू नका, लहान मुलं असतात.

तुरटी: कधी लागू पडते, कधी वाया जाते

बाजारात ॲल्युमिनियम सल्फेट मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर किराण्याच्या दुकानातली फिटकरी चालते. सियागंजात कुठल्याही ठोक दुकानदाराकडे किलोनं मिळते. ही पोटॅशची तुरटी असते, तिच्यात ॲल्युमिनियम पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये आठ-नऊ टक्के. म्हणून इंटरनेटवर कुठे ॲल्युमिनियम सल्फेटचं प्रमाण वाचलंत तर तुरटी त्याच्या दीडपट धरा. तुरटीबरोबर पोटॅश जातं ते नुकसान करत नाही, निळ्याला ते मानवतंच.

खरी गोम विरघळवण्यात आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी निवळतं, हे आपण लहानपणापासून बघतो. तिथे काय होतं? पाण्यातल्या बायकार्बोनेटशी गाठ पडताच तुरटीतलं ॲल्युमिनियम कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांत बाहेर पडतं, आणि ते पुंजके गाळ घेऊन तळाला बसतात. पिण्याच्या पाण्याला हे हवंच असतं. हायड्रेंजियासाठी मात्र तळाला बसलेलं ॲल्युमिनियम हातातून गेलेलं ॲल्युमिनियम, कारण मुळांना ते घेता येत नाही. आपल्या ३०० मिलिग्रॅमच्या बोरिंगच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम तुरटी टाकलीत तर जवळजवळ सगळीच अशी तळाला बसते. पाच ग्रॅम टाकलीत तर पाचवा हिस्सा तिथेच जातो, बाकीची कुंडीत पोचते आणि मग कुंडीतली चुनखडी तिची वाट बघत बसलेली असते. "थोडी थोडी देत जा" हा सल्ला म्हणूनच इंदुरात साफ निरुपयोगी ठरतो. थोडी दिलेली तुरटी मुळांपर्यंत जातच नाही.

त्यामुळे तुरटी पावसाच्या, आरओच्या किंवा एसीच्या पाण्यातच विरघळवा. पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. स्वच्छ राहिलं तर ॲल्युमिनियम अजून पाण्यात आहे. दुधी झालं आणि पांढरे पुंजके दिसले तर ते ओतण्यात अर्थ नाही.

प्रमाण: लिटरला एक छोटा चमचा, साधारण चार ते पाच ग्रॅम, बारीक कुटून. दहा-बारा इंची कुंडीला एका वेळी एक ते दीड लिटर, खालून निथळेपर्यंत. आदल्या दिवशी साधं पाणी देऊन माती ओली करून ठेवा. कोरड्या मुळांवर तुरटीचं पाणी पडलं की मुळं भाजतात. पानांवर शिंतोडे उडू देऊ नका. दर बारा ते पंधरा दिवसांनी एकदा, असं चार-पाच वेळा. याहून लवकर निळा करायचा म्हणून चमचे वाढवू नका. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत व्हायला लागल्या, तर क्षार जास्त झालेत. त्या वेळी दोन-तीन वेळा भरपूर साधं पाणी घालून कुंडी निथळू द्या आणि महिनाभर तुरटी बंद.

कुंडी आणि माती

निळा हवा असेल तर जमिनीत लावू नका, कुंडीतच ठेवा. काळ्या मातीत मोकळी चुनखडी आहे का, ते बघायला चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर त्या मातीत पोतंभर गंधक घातलं तरी चुनखडी संपेपर्यंत पीएच हलणार नाही.

सिमेंटची कुंडी नको, तिच्यातून चुना सुटतच राहतो. नवं प्लास्टर झालेल्या भिंतीला टेकूनही ठेवू नका. प्लास्टिकची किंवा मातीची बरी. मातीच्या जुन्या कुंडीवर पांढरं चढलेलं असेल तर ती दुसऱ्या झाडाला द्या.

भरायला कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत निम्मं-निम्मं, थोडी जाड वाळू. कोकोपीटची वीट दोन-तीन वेळा भिजवून पिळून घ्या, स्वस्तातल्या विटा खारट असतात. काळी माती नाहीच. पीट मॉस मिळाला आणि परवडला तर फार चांगला, त्याचा पीएच मुळातच चारच्या आसपास असतो. दहा लिटर मिश्रणाला छोटा चमचाभर गंधक मिसळा. कृषी सेवा केंद्रात ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं, ते चालेल. त्याचं आम्ल मातीतले जिवाणू तयार करतात आणि त्यांना ऊब-ओल लागते, म्हणून जुलैमध्ये घातलेलं गंधक दिवाळीपर्यंत कामाला येतं. डिसेंबरमध्ये घातलेलं त्या बहराला उपयोगी पडत नाही.

कंपोस्टबद्दल एक गोष्ट, आणि ती ऐकून काही इंदूरकर माझ्यावर रागावतात. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, १९२४ नंतरच्या काळात, कंपोस्ट करायची जी "इंदूर पद्धत" बसवली ती जगभर गेली; ती जागा म्हणजे आजचं आपलं कृषी महाविद्यालय. त्या ढिगात लाकडाची राख आणि गोमूत्र मुरलेली माती मुद्दाम घालायचे, आम्लपणा मारायला. शेताला ते योग्यच होतं. आजही घरचं किंवा विकतचं कंपोस्ट, गांडूळखत साधारण सात ते आठ पीएचचं निघतं. भाजीला घाला, गुलाबाला घाला. निळ्या हायड्रेंजियाच्या कुंडीत मूठभरापेक्षा जास्त नको, आणि चुलीची किंवा होमाची राख कधीच नको.

खत

पाणी ठीक, तुरटी ठीक, तरी रंग मळका, असं असेल तर फॉस्फरस बघा. फॉस्फरस आणि ॲल्युमिनियम मातीत एकमेकांना धरून बसतात आणि दोघंही मुळांना मिळत नाहीत. डीएपीत फॉस्फेट (P₂O₅) ४६ टक्के असतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फॉस्फरसबरोबर कॅल्शियमही. हाडांचा चुरा, जो नर्सरीवाले "फुलांसाठी" म्हणून हमखास हातात ठेवतात, तो दोन्ही बाजूंनी निळ्याचा वैरी. सगळीकडे मिळणारं १९:१९:१९ (नत्र, फॉस्फरस, पोटॅश सारखंच) सुद्धा इथे चुकीचंच.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट घ्या, ते माती आम्लही करतं. पोटॅशसाठी १३:०:४५ किंवा ०:०:५०. वाढीच्या दिवसांत, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांतून एकदा लिटरला एक ग्रॅम पुरे. थंडीत बंद.

जे करून काही होत नाही

गंजलेले खिळे कुंडीत पुरणं: लोह वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, रंगावर शून्य परिणाम. हिराकस (लोहाचं सल्फेट) घातल्यानं पानं हिरवी होतात, फुलं निळी नाही. ॲल्युमिनियमची फॉइल पुरणं: ती विरघळतच नाही. वापरलेली कॉफी पावडर जवळजवळ उदासीन असते. चहाच्या झाडाच्या पानांत ॲल्युमिनियम साठतं हे खरं, पण आपला उकळलेला, दूध-साखर घातलेला चोथा कुंडीत टाकला तर मुंग्याच जास्त येतील. व्हिनेगरचं तेच, जे लिंबाच्या सत्त्वाचं.

केव्हा काय करायचं

उमललेल्या गुच्छाला तुरटी देऊन रंग बदलत नाही. कळ्या भरत असताना ॲल्युमिनियम झाडात असायला हवं. इंदूरच्या हवेप्रमाणे मी असं सांगेन: एप्रिलमध्ये फुलं वाळली की त्यांच्या खालचा पानांचा पहिला-दुसरा जोड सोडून छाटा, तेवढंच. थंडीत छाटणी केलीत तर पुढच्या फुलांचे डोळेच कापले जातात, कारण ते शरद ऋतूत जुन्या फांदीवर बसलेले असतात. मे महिना पूर्वेकडच्या गॅलरीत किंवा दाट सावलीत काढायचा, सकाळचं ऊन दहापर्यंत पुरे. जूनअखेर कुंडी बदला, गंधक मिसळा. जुलै ते सप्टेंबर कुंडी उघड्या पावसात ठेवा. वर्षभर साठलेलं बायकार्बोनेट जितकं धुऊन निघेल तितकं निघू दे, फक्त खाली पाणी साचू देऊ नका. सप्टेंबरअखेर तुरटीचा एक हात. मग दिवाळीनंतर, आणि कळ्या हरभऱ्याएवढ्या दिसायला लागल्यावर नियमानं, निदलांवर रंग उमटेपर्यंत. या काळात बोरिंगचं पाणी एकदाही नको. आठ दिवस गावाला जाताना कामवाल्या बाईंना नीट सांगून, पिंप दाखवून जा.

कुंडीतला पीएच तपासायचा असेल तर त्या सुईच्या, बिनबॅटरीच्या मीटरवर विसंबू नका. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, अर्ध्या तासानं वरून थोडं आरओचं पाणी ओता आणि खालून निथळणारे दोन-चार चमचे वाटीत धरा. त्यात पीएचची पट्टी बुडवा. पाच ते साडेपाच आला तर काम बरोबर चाललंय.

अजूनही काहीतरी बिनसलंय?

एकाच झाडावर एक गुच्छ निळा, एक गुलाबी: तुरटी कुंडीच्या एकाच बाजूला पडते आहे. गोल फिरवून द्या.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: कुंडी अजून क्षारधर्मी आहे, लोह अडकलंय. अशा वेळी निळ्याची घाई सोडा, आधी पाणी बदला.

निळा गुच्छ पंधरा-वीस दिवसांनी हिरवट किंवा मळकट गुलाबी होत चालला: ते वय आहे, माती नव्हे. निदलं म्हातारी झाली की तशीच होतात, आणि मार्चअखेरचं ऊन ते लवकर करतं.

फूलच येत नाही: हा रंगाचा प्रश्न नाही. एक तर छाटणी चुकली, किंवा थंडी पुरेशी मिळाली नाही. डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा. आपल्याकडे दहा अंशांच्या आसपास येणाऱ्या रात्री त्याला हव्याच असतात.

आणि जमिनीत आधीच लावलेला, नीट रुजलेला हायड्रेंजिया असेल तर त्याला उपटून निळा करायच्या भानगडीत पडू नका. काळ्या मातीत तो कायम गुलाबी राहतो आणि चांगला गुलाबी त्या मळक्या जांभळ्यापेक्षा केव्हाही देखणा. त्याला सुपर फॉस्फेट द्या, तुरटी पूर्ण बंद करा. पानं पिवळी पडली तर लोहाचं चिलेट द्या, मात्र पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून. क्षारधर्मी मातीत टिकतं ते तेच. छाटलेल्या फांद्या आणि पानं मात्र दारात येणाऱ्या गायीसमोर टाकू नका, कुत्र्या-मांजरांच्याही तोंडात जाऊ देऊ नका. हे झाड विषारी असतं, मग रंग कुठलाही असो.